मागच्या दाराने शर्यतीत

साठी ओलांडलेल्या वाचकांना नाकावर तीन टोकांची चांदणी मिरवणारे टाटांचे ट्रक आठवत असतील. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षं ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ नावाचे ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडत राहिले. करार १९६९ मध्ये संपला, पण ते ट्रक त्यानंतरही कितीतरी वर्षं पुणे-बंगळूर रस्त्यावर ऊस, तांदूळ आणि कौलं वाहत होते. मर्सिडीज म्हणजे श्रीमंतांची गाडी हे समीकरण आपल्या मनात नंतर पक्कं झालं. त्याआधी ती बेळगावच्या अडत्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गोव्याकडच्या मंडळींच्या आठवणी वेगळ्या असतील. १९६१ पूर्वी तिथे युरोपातून मोटारी सहज येत, आणि मुक्तीनंतरही जुन्या मर्सिडीज तिथल्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावताना दिसत.

हे सगळं सांगायचं कारण आमचा कंपू. आम्ही सात-आठ जण आहोत. एक डॉक्टर, एक फाउंड्रीवाले, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त मेस्त्री आणि माझ्यासारखे पुण्यात नोकरी आणि शनिवार-रविवारी बेळगाव असं जगणारे दोघे-तिघे. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही जमतो आणि जुन्या जर्मन सेडानवर तासन् तास बोलतो. सेडान म्हणजे चार दारं आणि मागे डिकी असलेली साधी कौटुंबिक मोटार. आमच्यापैकी फक्त एकाकडे अशी गाडी आहे, पण त्यामुळे इतरांचा उत्साह कमी होत नाही. क्रिकेट बघणाऱ्यांकडे तरी कुठे स्वतःची खेळपट्टी असते?

घरची माणसं विचारतात, की या बोजड, पेट्रोलपिऊ गाड्यांमध्ये एवढं काय आहे? खरं उत्तर शर्यतींत आहे. पण ‘शर्यत’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चाकं उघडी असलेली, एकाच माणसाची, जमिनीला टेकलेली गाडी येते. आम्ही ज्यांच्यासाठी वेडे आहोत त्या गाड्यांत मागच्या सीटवर आजी बसू शकते. तरीही त्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. बऱ्याचदा तर त्यांना तिथे नेणारी माणसं कंपनीच्या पुढच्या दाराने गेलीच नव्हती.

सुरुवात एका भीषण अपघातापासून करावी लागते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पिएर लेवेघची मर्सिडीज दुसऱ्या गाडीला धडकून प्रेक्षकांत जाऊन कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. मोटार शर्यतींच्या इतिहासात यापेक्षा वाईट दिवस नाही. त्या हंगामाच्या अखेरीस मर्सिडीजने ट्रॅकवरच्या शर्यती थांबवल्या. जगज्जेती गाडी बनवणारी, हुआन मॅन्युएल फांजिओसारखा ड्रायव्हर पदरी असलेली कंपनी बाजूला झाली, आणि पुढची तीसेक वर्षं अधिकृत भूमिका साधारण तीच राहिली.

कंपनीने दार लावून घेतलं, तरी आत काम करणाऱ्या इंजिनिअरांची खाज काही गेली नाही. ट्रॅक बंद झाला, तेव्हा लांब पल्ल्याच्या रॅलीत नेहमीच्या सेडान उतरवल्या जाऊ लागल्या. त्यांचे ड्रायव्हरही कसे, तर ऑयगेन बोरिंगर हा स्टुटगार्टचा हॉटेलवाला. १९६२ साली तो युरोपचा रॅली विजेता झाला. आणि त्याच वर्षीची एवी रॉस्क्विस्ट.

एवी स्वीडनची. जनावरांच्या डॉक्टरांची सहायक म्हणून ती रोज या शेतावरून त्या शेतावर गाडी हाकत जायची. कच्च्या, बर्फाळ रस्त्यांवर वेळेत पोचायची सवय तिथेच लागली. १९६२ मध्ये ती आणि तिची जोडीदार उर्सुला विर्थ यांनी मर्सिडीज २२० एसई घेऊन अर्जेंटिनाच्या टूरिंग कार ग्रां प्रीमध्ये भाग घेतला. सहा टप्पे, ४,६२६ किलोमीटर, बहुतेक रस्ता धुळीचा आणि दगडांचा. बायकांना हे झेपणार नाही, असं तिथे उघड बोललं जात होतं. या दोघींनी सहाच्या सहा टप्पे जिंकले. सरासरी वेग ताशी सुमारे १२७ किलोमीटर, म्हणजे त्या शर्यतीचा नवा विक्रम. आमच्या कंपूतल्या कॉलेजच्या मुलीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “मग हे आधी का नाही सांगितलं? तुम्ही नुसती हॉर्सपॉवरच सांगत बसता.” बरोबर आहे तिचं.

ती २२० एसई म्हणजे मागे दोन छोट्या कल्ल्यांसारखे पंख असलेली, १९५९ साली आलेली गाडी. तिचं खरं मोठेपण पंखांत नव्हतं. बेला बारेनी या इंजिनिअरने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट घेतलं होतं, की मधला प्रवाशांचा भाग भक्कम असावा आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चुरगळून धक्का गिळणारा असावा. ही कल्पना पुरेपूर वापरणारी पहिली गाडी हीच. आमच्याकडे कुणी “जुन्या गाड्या म्हणजे रणगाडा, काही होत नाही” असं म्हणालं, की मी हे मुद्दाम सांगतो. चांगली गाडी चुरगळते, आत बसलेल्याऐवजी.

आता बायर्नकडे जरा वळू, कारण बीएमडब्ल्यूप्रेमी माझ्यावर रागावतील. डिसेंबर १९५९ मध्ये बीएमडब्ल्यू जवळजवळ डाइम्लर-बेंझला विकली जाणार होती. छोटे भागधारक आणि डीलर सभेत अडून बसले, हर्बर्ट क्वांट यांनी पैसा ओतला आणि कंपनी वाचली. वाचलेल्या कंपनीने ‘नॉय क्लासे’ म्हणजे नवी श्रेणी या नावाने चारदारी गाड्या काढल्या, आणि लगेच त्या शर्यतीत घातल्या. १९६६ साली ह्युबर्ट हाने आणि जॅकी इक्स यांनी २००० टीआय घेऊन बेल्जियममधली स्पाची २४ तासांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी हानेने नूर्बुर्गरिंगचा जुना, डोंगरातून जाणारा लांबलचक ट्रॅक या सेडानमधून दहा मिनिटांच्या आत पार केला. टूरिंग गाडीत हे त्याआधी कुणी केलं नव्हतं. मरता मरता वाचलेल्या कंपनीसाठी शर्यत ही चैन नव्हती, जाहिरातीचा सगळ्यात स्वस्त मार्ग होता.

स्टुटगार्टला मात्र गोष्टी रात्री घडत होत्या. एरिख वॅक्सेनबर्गर नावाचा तरुण इंजिनिअर मर्सिडीजच्या विकास विभागात होता. कंपनीकडे ‘६००’ नावाची राष्ट्राध्यक्षांसाठीची अवाढव्य गाडी होती आणि तिच्यात ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. १९६६ च्या सुमारास वॅक्सेनबर्गरने ऑफिसचं काम संपल्यावर हे इंजिन त्यामानाने लहान एस-क्लासच्या बॉडीत बसवायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. बजेट नव्हतं. असं सांगतात की एका रात्री विकास विभागाचे प्रमुख रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या कानावर भलताच आवाज आला, त्यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडायला लावलं, आणि आत बोट घालायलाही जागा उरली नसल्याचं पाहिलं. उलेनहाउट स्वतः शर्यतीच्या गाड्या घडवणारा माणूस. रागावण्याऐवजी त्यांनी प्रकल्पाला हिरवा कंदील दिला.

माझ्या कामाच्या ठिकाणी अशी गोष्ट आज घडेल का, याचा मी अधूनमधून विचार करतो. मी गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एक ओळ बदलायची तर तिकीट, रिव्ह्यू, टेस्ट रिपोर्ट आणि तीन जणांची मान्यता लागते. आणि ते योग्यच आहे, ब्रेकच्या कोडमध्ये रात्री गुपचूप प्रयोग कुणाला नकोत. पण हेवा वाटतो तो वाटतोच.

मार्च १९६८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ३०० एसईएल ६.३ लोकांसमोर आली. बाहेरून बँकेच्या मॅनेजरला शोभेल अशी. डिकीवरचा ‘६.३’ हा आकडा सोडला तर वेगळं असं काही नाही. आत २५० हॉर्सपॉवर, एअर सस्पेन्शन, पावणेदोन टन वजन, आणि शून्य ते शंभरचा वेग साडेसहा सेकंदांत. त्या काळच्या बहुतेक स्पोर्ट्स कार मागे पडत. १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या बनल्या.

आणि आता डुकराची गोष्ट.

हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एरहार्ड मेल्खर हे दोघेही मर्सिडीजच्या इंजिन विकासात काम करत. कंपनी शर्यत बंद ठेवतेय म्हटल्यावर ते बाहेर पडले आणि १९६७ मध्ये बुर्गश्टाल गावातल्या एका जुन्या गिरणीत त्यांनी वर्कशॉप थाटलं. नाव ठेवलं एएमजी. ए आउफ्रेख्टचा, एम मेल्खरचा आणि जी ग्रोसआस्पाख या आउफ्रेख्टच्या जन्मगावाचा. आज करोडोंच्या गाड्यांच्या पाठीवर हे तीन इंग्रजी शब्दारंभ चमकतात, त्यातला एक खेड्याचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

या गिरणीवाल्यांनी ६.३ घेतली, इंजिन ६.८ लिटरचं केलं आणि ताकद ४२८ हॉर्सपॉवरवर नेली. रंग भडक लाल. एवढा मोठा देह पाहून लोकांनी नाव पाडलं ‘रोटे झाऊ’, म्हणजे लाल डुकरीण. जुलै १९७१ मध्ये ही गाडी स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. ड्रायव्हर हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्झ. तेव्हाचं स्पा म्हणजे आजच्यासारखा बंदिस्त ट्रॅक नाही. आर्डेनच्या जंगलातून, गावांच्या घरांलगत जाणारा, एका फेरीला १४ किलोमीटर लागणारा सार्वजनिक रस्ता. आजूबाजूला हलक्या, चपळ गाड्या आणि मध्ये हा लाल एस-क्लास.

लोक हसले असणार. पण सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी २६० च्या वर जायची, आणि मागून येणाऱ्या आरशात एवढं मोठं तोंड दिसल्यावर बाजूला होण्यातच शहाणपण होतं. अडचण वजनाची. टायर आणि पेट्रोल दोन्ही ती भराभर खायची, म्हणून पिटमध्ये जास्त वेळा थांबावं लागे, आणि तिथे गमावलेला वेळ रस्त्यावर भरून काढावा लागे. चोवीस तासांनी ती एकूण दुसरी आली आणि आपल्या वर्गात पहिली. पुढे फक्त डिटर ग्लेमझर आणि अलेक्स सोलर-रोइग यांची फोर्ड काप्री होती. गिरणीतल्या वर्कशॉपचं नाव एका रात्रीत सगळ्यांच्या तोंडी झालं.

गाडीचं पुढे काय झालं ते ऐकून आमच्या कंपूतले फाउंड्रीवाले दरवेळी डोक्याला हात लावतात. ती फ्रान्सच्या मात्रा कंपनीला विकली गेली. मात्रा विमानं-क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रातली. त्यांना विमानाचे टायर वेगाने पळवून तपासायचे होते आणि त्यासाठी ताकदवान, दणकट गाडी हवी होती. त्यांनी लाल डुकरीण मधून कापली, लांब केली, टायर बसवायला जमिनीत भोक पाडलं आणि धावपट्टीवर राबवली. मग ती नाहीशी झाली. आज प्रदर्शनांत दिसते ती नंतर बनवलेली प्रतिकृती. मला स्वतःला त्यात फारसं दुःख वाटत नाही. शर्यत संपली, काम मिळालं, काम केलं. काचेच्या पेटीत बसलेल्या गाडीपेक्षा हे आयुष्य वाईट नव्हतं. यावरून आमची भांडणं होतात.

एएमजी १९७६ मध्ये आफाल्टरबाखला गेली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने मर्सिडीजच्याच मालकीची झाली. मागच्या दाराने बाहेर पडलेली मंडळी पुढच्या दाराने परत आली, एवढंच.

मधल्या काळातली एक शर्यत तर आपल्या देशातून गेली आहे. १९७७ ची लंडन-सिडनी रॅली, सुमारे ३०,००० किलोमीटर. युरोप, तुर्कस्तान, इराण ओलांडून गाड्या भारतात आल्या, मद्रासहून जहाजाने पेनांगला गेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलिया. अँड्र्यू कोवन, कॉलिन माल्किन आणि माइक ब्रॉड यांनी ती मर्सिडीज २८० ई घेऊन जिंकली. दुसरा नंबरही त्याच मॉडेलचा. ही गाडी म्हणजे डब्ल्यू-१२३, जिच्या सुमारे २७ लाख प्रती निघाल्या आणि जी जर्मनीत दर कोपऱ्यावर टॅक्सी म्हणून उभी असायची. तिचं डिझेल इंजिन आमच्या मेस्त्रींचं खास लाडकं. इंजेक्शन पंप पूर्ण यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहतं, कारण ते बंद करायलाही वीज लागत नाही, व्हॅक्यूम लागतो. मेस्त्री म्हणतात, “ऐक की रे, हे आपल्या आपण बोलतं. तुझ्या गाडीला बोलायला लॅपटॉप लागतो.” यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो लॅपटॉपच माझं पोट भरतो. स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहात ग्रीसच्या ग्रेगोरियोस साखिनिडिस या टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी आहे. तिने ४६ लाख किलोमीटर केले. इंजिन कितीही वेळा बदललेलं असो, आकडा बघूनच माणूस गप्प होतो.

ऐंशीच्या दशकात नियमांनी खेळ बदलला. ग्रुप ए नावाच्या वर्गात उतरायचं, तर ती गाडी एका वर्षात किमान ५,००० च्या संख्येत बनवून लोकांना विकावी लागे. सुधारित आवृत्ती आणायची तर आणखी ५००. हा नियम मला फार आवडतो. शर्यतीत जे लावायचं ते आधी शोरूममध्ये ठेवा! त्यामुळे दंतवैद्य, वकील, किराणा दुकानदार अशा कुणालाही शर्यतीची गाडी नंबरप्लेटसह घरी नेता आली. आज ज्या गाड्यांसाठी लोक वेडे होतात, त्यातल्या निम्म्या कुणाच्या दूरदृष्टीने नव्हे, तर या कागदी अटीने जन्माला आल्या.

मर्सिडीज १९० ई ही तेव्हाची घरातली धाकटी. तिच्या २.३ लिटर इंजिनावर इंग्लंडच्या कॉसवर्थने सोळा व्हॉल्व्हचं सिलिंडर हेड बसवलं. मुळात विचार रॅलीचा होता, पण ऑडीच्या चारही चाकं फिरवणाऱ्या क्वात्रोने रॅलीत इतका धुमाकूळ घातला, की मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तिथे काही आशा राहिली नाही. मग ती ट्रॅककडे वळली. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ती ५०,००० किलोमीटर पळवली. वेळ २०१ तास ३९ मिनिटं, सरासरी ताशी जवळजवळ २४८ किलोमीटर, तेही पेट्रोल-टायरचे थांबे धरून. माझ्या मते कुठल्याही शर्यतीतल्या विजयापेक्षा हा आकडा मोठा आहे. मी सॉफ्टवेअरच्या एंड्युरन्स टेस्ट लावतो, त्यामुळे आठ दिवस-रात्र न थकता तेच काम करणं म्हणजे काय, याची थोडीफार कल्पना आहे.

पण लोकांना आठवतो तो १२ मे १९८४ चा दिवस. नूर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू होत होता. मर्सिडीजने वीस एकसारख्या १९० ई आणल्या आणि जगातल्या नामांकित ड्रायव्हरांना बोलावलं. जॅक ब्रॅबहम, फिल हिल, स्टर्लिंग मॉस, जॉन सर्टीस, जेम्स हंट, निकी लाउडा, आलें प्रॉस्त... त्यांत नऊ जगज्जेते. सगळ्यांना सारखी गाडी, म्हणजे सबबीला जागा नाही. एमर्सन फित्तिपाल्दीला येता आलं नाही, म्हणून त्याच्या जागी एका चोवीस वर्षांच्या ब्राझिलियन मुलाला घेतलं. फॉर्म्युला वनमधलं त्याचं पहिलंच वर्ष, टोलमन नावाच्या छोट्या संघात. नाव आयर्टन सेना.

पावसाळी हवा, ओला ट्रॅक. बरीच ज्येष्ठ मंडळी सणासारखी आली होती, हात हलवायचे, फोटो काढायचे, जमलं तर पळवायची. सेना मात्र नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा आला. पोल पोझिशन प्रॉस्तची, पण बारा फेऱ्यांनंतर पहिला सेना. दुसरा लाउडा, जो सराव चुकल्यामुळे सगळ्यात मागून निघाला होता. तिसरा कार्लोस रॉयटेमान. तीन आठवड्यांनी मोनॅकोच्या पावसात सेनाने जगाला जे दाखवलं, ते नूर्बुर्गरिंगला एका चारदारी घरगुती गाडीत आधीच दिसलं होतं.

कंपनीने ट्रॅकवर अधिकृत पुनरागमन जाहीर केलं ते १९८८ मध्ये. त्यानंतरच्या जर्मन टूरिंग स्पर्धेची, म्हणजे डीटीएमची, गोष्ट मी भरभर सांगतो, कारण ती सर्वांना माहीत असते. मोठा पंख लावलेली १९० ई इव्होल्यूशन टू, नियमाप्रमाणे ५०० ऐवजी ५०२ बनलेली. १९९२ चा विजेता क्लाउस लुडविग. त्याच वर्षी हॉकेनहाइमला एलेन लोरने शर्यत जिंकली, डीटीएममध्ये जिंकणारी पहिली स्त्री. त्याआधी ऑडीने तर आपली आलिशान व्ही-८ लिमोझिनच मैदानात आणली. साहेबाने मागे बसून पेपर वाचायची गाडी. तिने १९९० मध्ये हान्स-योआखिम श्टुक आणि १९९१ मध्ये फ्रांक बिएला यांना विजेतेपद दिलं. १९९२ मध्ये क्रँकशाफ्टच्या वैधतेवरून वाद झाला आणि ऑडी हंगामाच्या मध्येच निघून गेली. पुढे गाड्या इतक्या महाग आणि इतक्या वेगळ्या झाल्या, की वर सेडानचं कातडं आणि आत अंतराळयान. १९९६ नंतर ती मालिका कोसळली.

रस्त्यावरच्या दोन गाड्यांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र आमचे सदस्य मला घरी जाऊ देणार नाहीत. १९८५ ची पहिली बीएमडब्ल्यू एम-५, जिच्यात एम-१ या स्पोर्ट्स कारच्या जातकुळीचं २८६ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि बाहेरून शेजाऱ्यालाही कळू नये असा साधेपणा. दुसरी १९९० ची मर्सिडीज ५०० ई. तिचे फुगवलेले मडगार्ड मर्सिडीजच्या असेंब्ली लाइनवर मावेनात, आणि तेव्हा पोर्शेकडे काम कमी होतं. म्हणून गाडी या कारखान्यातून त्या कारखान्यात ये-जा करत अठरा दिवसांत पूर्ण व्हायची.

५०० ई ज्या बॉडीवर उभी होती ती डब्ल्यू-१२४. आणि इथे गोष्ट आपल्या जवळ येते. १९९४ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर भारतात कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पिंपरीला जी पहिली गाडी बनू लागली ती हीच. जर्मनीत तेव्हा तिची जागा घेणारं पुढचं मॉडेल आलंसुद्धा होतं. आपल्याकडच्या श्रीमंतांना ते लगेच कळलं, आणि अपेक्षेइतकी ती खपली नाही. तरी पुणेरी पाण्यावर वाढलेली पहिली मर्सिडीज सेडान तीच.

आमच्या कंपूतले डॉक्टरकाका बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांची ई-२२० १९९६ ची, पिंपरीची. आपल्याकडे मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २०२२ मध्ये नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ गाड्यांना वेगळी नोंदणी आणि मान दिला, पण अट पन्नास वर्षांची. म्हणजे डॉक्टरकाकांची गाडी २०४६ मध्ये वारसा ठरेल. तोवर कायद्याच्या नजरेत ती फक्त जुनी गाडी. १९९५ च्या आसपासच्या गाड्या या दोन खुर्च्यांच्या मध्ये पडल्या आहेत, आणि भंगारात जातायत त्या याच.

त्यांचा मुलगा म्हणतो, विकून टाका, नाहीतर कापायला द्या. त्याचंही चूक म्हणवत नाही. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. त्या काळातल्या बऱ्याच डब्ल्यू-१२४ मध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं, ते पूर्ण बदलावं लागतं. गाडीला आधुनिक गाडीइतक्या एअरबॅग नाहीत. दर वर्षीच्या खर्चात एक छोटी नवी गाडी हप्त्याने येईल. मी डॉक्टरकाकांना हे सगळे आकडे एक्सेलमध्ये मांडून दिले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “यात हिची आई ज्या गाडीतून बाळंतपणाला आली तो रकाना कुठाय?” ‘ही’ म्हणजे त्यांची नात.

नोंदणी या वर्षी संपतेय. मेस्त्रींनी वायरिंग हाताने नवं गुंफायला घेतलं आहे. डाव्या बाजूचं झालं, उजवीकडचं बाकी आहे. कॉलेजची दोन्ही मुलं रविवारी त्यांच्या हाताखाली बसतात, आणि प्रत्येक वायरचा रंग, जाडी आणि कुठून कुठे जाते ते मी एका तक्त्यात भरतोय, कारण मेस्त्रींकडे ते सगळं फक्त डोक्यात आहे.

वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात, सासरी किंवा बंद पडलेल्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी बॉनेट उघडून चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. मूळ आरसी बुक आणि सर्व्हिसची वही सांभाळा. आणि बॅटरी काढून ठेवा, कारण तिचं पाणी गळून खालचा पत्रा सगळ्यात आधी जातो. ३०० एसईएल असो की पिंपरीची ई-२२०, उंदीर सगळ्यांच्या वायरी सारख्याच आवडीने खातो, तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यातही एकदा डोकावून बघा.